यंत्राचे व्याकरण



शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूत संगणकाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु माझा विषय मुळात व्याकरणाचाच आहे. आपल्या काकतीत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. प्रत्येक भाषेचे नियम निराळे, हे येथील मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच उमगलेले असते. मोजक्या नियमांतून अगणित वाक्ये सिद्ध होतात, ही व्याकरणाची किमया. पाणिनीने सुमारे ४,००० सूत्रांत संस्कृत भाषा बांधली, ती याच बळावर.

प्रोसेसरमध्ये बेरीज-वजाबाकी करणारा भाग वेगळा आणि कोणी, केव्हा, काय करावे हे ठरवणारा नियंत्रक वेगळा. हा नियंत्रक एकेक अवस्था मांडून हाताने रचण्याची रीत होती. अवस्था वाढल्या की एखादी वाट नजरेतून निसटते. नियंत्रणातील चूक किती महाग पडते, हे १९९७ साली दिसले. एका अशुद्ध आज्ञेला नकार देण्याऐवजी पेंटियम प्रोसेसर जागीच थिजत असे. संगणक पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे.

यावर एक उपाय व्याकरणाचा. स्मृतीतून वाचन म्हणजे ‘पत्ता देणे, उत्तर येईपर्यंत थांबणे, मजकूर घेणे’, असा नियम लिहावा. ‘थांबणे’ एकदाही न येवो वा कितीही वेळा येवो, दोन्ही शुद्धच, हेही नियमातच सांगावे. प्रत्येक नियमाला करावयाची कृती जोडावी. मग त्यातून अवस्था काढून नियंत्रक रचण्याचे काम संगणकच करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत अँड्र्यू सीराइट आणि फॉरेस्ट ब्रूअर यांनी अशी ‘क्लेअरव्हॉयंट’ ही प्रणाली १९९४ साली मांडली. आपल्याकडे, मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी घडवलेला ‘अजित’ प्रोसेसर २०१९ साली जाहीर झाला. त्याची वाट थोडी निराळी, पण कुळ तेच: रचनेचे वर्णन माणसाने उच्च पातळीच्या भाषेत लिहायचे आणि त्याचे मंडलात रूपांतर साधनांनी करायचे.

मात्र नियमच चुकला, तर यंत्र ती चूकही निष्ठेने उतरवते. जबाबदारी संपत नाही. ती आकृती काढणाऱ्याकडून नियम लिहिणाऱ्याकडे जाते. म्हणून अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींना विनंती, की व्याकरणाची पुस्तके केवळ गुणांपुरती उघडू नका. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे निःसंदिग्ध लिहिण्याची सवय तेथेच लागते.