शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी



आजच्या माझ्या भाषणाचा विषय एक बरणी हा आहे. शेंगदाण्याच्या लोण्याची, म्हणजे बाजारात ज्यास पीनट बटर म्हणतात त्याची, ही बरणी. विषय क्षुल्लक खरा. परंतु अडतीस वर्षे मुलांना वाचन शिकविणाऱ्या माणसाला स्वतःला वाचता येत नाही, हे मला या बरणीने दाखवून दिले. तेव्हा तिची हकिकत आपणांस सांगण्यात संकोच कशाला?

आमचा ब्रह्मपुरीचा मुलूख भाताचा. वैनगंगेच्या खोऱ्यातील या झाडीपट्टीत धान आणि त्यामागून लाखोळी व जवस ही ओळखीची पिके. शेंगदाणा संसारात येतो तो चटणी, कूट आणि गुळाचा लाडू या रूपाने. त्याचे लोणी करून बरणीत भरतात आणि ते पोळीला लावून खातात, हे मी केवळ ऐकून होतो. लोणी म्हणावे तर त्यात दही नाही, ताक नाही, रवी नाही! अशा वस्तूशी माझा संबंध येण्याचे कारण असे की, माझ्या पत्नीचे बहुतेक दात काढावे लागले आणि कवळी काही केल्या नीट बसेना. भाजलेले दाणे हा तिचा आयुष्यभराचा आवडता खाऊ. तो बंद पडला. जेवण कमी झाले, वजन उतरू लागले. त्यातच तिला मधुमेह. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, दाणे चावता येत नसतील तर त्यांचे लोणी द्या.” सल्ला योग्यच होता. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने आणि जवळजवळ निम्मे तेल असते.

मी दुकानातून एक बरणी घरी आणली. तिचे झाकण प्रथम मजकडून फिरेना. फिरले तो आत चंदेरी कागद चिकटविलेला. तो सोलू गेलो तेव्हा त्याच्या चिंध्या झाल्या आणि बरणी कलंडून तेलाची धार सदऱ्यावर आली. वर दोन बोटे तेल आणि खाली सुरीने कापावा असा घट्ट गोळा, हे पाहून माल नासका आहे असा मी निकाल दिला. दुसऱ्या दिवशी ती बरणी घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, त्याचं असंच असतं.” मला ती सबब वाटली. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्याने बिचाऱ्याने बरणी बदलून दिली.

दुसरी बरणी काय सांगावी! वरपासून खालपर्यंत एकजीव, तुळतुळीत. चमचा रोवला तर उभा राहील. दर्शनी भागावर एका बलदंड तरुणाचे चित्र आणि शक्तीविषयी मोठमोठी अक्षरे. पत्नीलाही ती चव फार आवडली. सकाळी एका पोळीला, संध्याकाळी एका पोळीला, असा क्रम तीन महिने चालला. मग रक्ताची तपासणी झाली आणि साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी घरात काय काय खाण्यात येते ते सर्व लिहून आणावयास सांगितले. त्या निमित्ताने मी ती बरणी प्रथमच पाठीमागून पाहिली. अक्षरे इतकी बारीक की ती सहावीतील नातीकडून वाचवून घ्यावी लागली. तिने मोठ्याने वाचले : शेंगदाणे, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, मीठ. आणि खालच्या कोष्टकात, १०० ग्रॅममध्ये मिळवलेली साखर १५ ग्रॅम.

“आबाजी, हे तर आजीला चालत नाही नं?” ती म्हणाली.

मी मनाशी त्रैराशिक मांडले. दिवसास ६० ग्रॅम लोणी, म्हणजे ९ ग्रॅम साखर. जवळजवळ दोन चहाचे चमचे. ज्या घरात चहात साखरेचा कण पडत नव्हता, त्या घरात मी स्वतःच्या हाताने रोज दोन चमचे साखर पोळीला फाशीत होतो. रक्तातील सर्व वाढ त्या बरणीमुळेच झाली असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. परंतु मुलांच्या पाठीवर हात ठेवून ‘धडा शेवटपर्यंत वाच’ असे जो सांगत आला, त्याने बरणीचे केवळ मुखपृष्ठ वाचले होते, हा दोष माझा होता.

मग वरचे तेल हा काय प्रकार होता? त्याचा उलगडा घरातच झाला. पत्नी पाट्यावर दाण्याची चटणी वाटीत होती. मी पाहत उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, “अहो, दाणे नीट वाटले की तेल सुटणारच. नाही सुटलं तर संशय घ्यावा.” सोलापूरची प्रसिद्ध शेंगाचटणी कुटतात तीही तेल सुटेपर्यंतच. शेंगदाणा बारीक झाला की त्यातील तेल मोकळे होते, आणि ते हलके असल्यामुळे स्वस्थ ठेवलेल्या बरणीत सावकाश वर येते. आमच्या ब्रह्मपुरीस उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उष्म्याने तेल अधिकच पातळ होऊन लवकर वेगळे होते. जी बरणी मी नासकी म्हणून परत केली, तीत बहुधा दाण्यावाचून दुसरे काही नसावे.

ही अडचण आपणांपुरतीच आहे असेही नाही. १८८४ साली कॅनडातील माँट्रियल येथील मार्सेलस एडसन याने शेंगदाण्याच्या अशा लगद्याचे पेटंट घेतले, आणि पुढील दशकात अमेरिकेत डॉक्टर केलॉग याने आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी दाण्याचे लोणी तयार केले. वर येणारे तेल ही त्या काळी दुकानदारांची डोकेदुखीच होती. १९२० नंतर जोसेफ रोझफील्ड याने त्यावर तोड काढली. तेलाच्या काही भागावर हायड्रोजन वायूची क्रिया करून ते घट्ट करावयाचे, म्हणजे ते उरलेल्या तेलास धरून ठेवते. आपल्याकडील वनस्पती तूपही ह्याच क्रियेने होते. हे घट्ट तेल थोडेसेच घालतात, ते काही विष नव्हे; आणि आपल्या देशातही १ जानेवारी २०२२ पासून तेले व चरबीयुक्त पदार्थ यांतील ट्रान्स चरबीस २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. परंतु बाहेरचे पदार्थ मिसळू लागले की शेंगदाणा किती उरला हा प्रश्न निघतोच. शेंगदाण्याच्या लोण्यात शेंगदाणा निदान किती असावा, याचा वाद अमेरिकेत १९५९ मध्ये सुरू होऊन सुमारे बारा वर्षे चालला आणि अखेर ९० टक्के असे ठरले.

आता अनुभवाने जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. बरणी घेताना प्रथम ती पाठमोरी करावी. आपल्या कायद्याप्रमाणे घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणून दुसऱ्या क्रमांकास साखर असेल तर दाण्याखालोखाल तीच आहे असे समजावे. गूळ वा मध लिहिलेला असला तरी मधुमेह्याने तो साखरच मानावा. अक्षरे दिसत नसतील तर दुकानदारास वाचावयास सांगावे. त्यात लाज नाही. मिठाची बंदी असलेल्याने मीठही पाहावे. दाण्याचे कण असलेले व एकजीव असे दोन प्रकार मिळतात. ज्यास दात नाहीत त्याने एकजीवच घ्यावे.

तेल वर आलेली बरणी उघडण्यापूर्वी, सील शाबूत असताना, एक दिवस उलटी ठेवावी. तेल गोळ्यात शिरू लागते. झाकण घट्ट असल्यास त्याभोवती रबराचा पट्टा गुंडाळावा, पकड येते. झाकण धातूचे असेल तर ते क्षणभर कढत पाण्यात धरावे. ढवळण्यासाठी आखूड चमचा कामाचा नाही. लांब दांड्याचे उलथने तळापर्यंत घालून सावकाश फिरवावे. ढवळून झाले की बरणी फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे तेल पुन्हा सहसा वेगळे होत नाही आणि वैशाखातही खवट होत नाही. ओला चमचा घालू नये. काठ पुसल्याशिवाय झाकण लावू नये; तेथे चिकटलेले लोणी सुकले की पुढच्या वेळी झाकण हटून बसते.

ज्याच्या घरी मिक्सर आहे त्याने बरणी विकत घेतलीच पाहिजे असेही नाही. पाव किलो दाणे मंद आचेवर भाजावे, टरफले पाखडावी आणि थांबून थांबून वाटावे. प्रथम कूट होते, मग गोळा होतो. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. यंत्र थंड होऊ देऊन पुन्हा वाटले की तेल सुटते आणि गोळा सैल होतो. मात्र बुरशी आलेले, काळपट व सुरकुतलेले दाणे आधी निवडून टाकावे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही.

आमच्या घरी आता तेल वर येणारी बरणी आहे. पत्नीचे वजन पुन्हा थोडे भरले असून साखर पूर्वीच्या जागी आली आहे. दर महिन्यास बरणी ढवळण्याचे काम माझ्याकडे, आणि दुकानात तिची पाठ वाचण्याचे काम नातीकडे आहे. मी त्या दुकानदाराचीही क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, “गुरुजी, चालायचंच.”