दोन वाटा, एक कोठार



मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या तारांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्याला 'स्वतंत्र' या शब्दाचे जेवढे अगत्य, तेवढेच त्या तारा जोडणाऱ्यालाही असते.

मोठ्या बँकेची वा शेअर बाजाराची माहिती प्रत्येक सर्व्हरच्या पोटात नसते. ती सामाईक कोठारात, म्हणजे स्टोरेजमध्ये असते आणि सर्व्हर स्विचमार्फत तेथे पोहोचतो. अशा स्विचांच्या जाळ्याला फॅब्रिक म्हणतात. फॅब्रिक म्हणजे कापड, हे सुरतेत मी सांगायला नको. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डे बसवतात. एकाची तार 'अ' फॅब्रिककडे, दुसऱ्याची 'ब'कडे. कोठारालाही दोन नियंत्रक असतात आणि प्रत्येकाची तार दोन्हीकडे जाते. अशा चार वाटा होतात. चारही वाटांनी दिसणारी डिस्क एकच आहे, हे ओळखण्याचे काम सर्व्हरमधील मल्टिपाथ नावाची प्रणाली करते.

मग 'अ' आणि 'ब' यांना परस्परांशी का जोडत नाहीत? वाटा तर वाढतील! परंतु जोडताक्षणी दोहोंचा एकच ताका होतो. कोणत्या सर्व्हरने कोणता साठा पाहावा याची नोंद, जिला झोनिंग म्हणतात, ती फॅब्रिकभर पसरते. तिच्यात कोणाचा हात चुकला की ती चूकही पसरते. ताके वेगळे असले तर एक उसवला तरी दुसरा शाबूत राहतो. मात्र त्या दुसऱ्याला सगळा भार एकट्याने पेलता आला पाहिजे. दोन्हींवर आधीच सत्तर-सत्तर टक्के भार असेल, तर ती जोडी केवळ शोभेची.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. अशा संपादनात हस्तलिखिते केवळ मोजून भागत नाही. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या असल्या तरी साक्ष एकच धरावी लागते.

तारांच्या बाबतीत याचा प्रत्यय २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत आला. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. बाजाराने केलेल्या खुलाशानुसार, दोन केंद्रांना जोडणाऱ्या तारा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. रस्त्यावरील खोदकामाने दोन्ही अस्थिर झाल्या, त्यातून स्टोरेजचे जाळे अनपेक्षित रीतीने वागले आणि सर्व्हरांना मुख्य साठाच सापडेना. कंपन्या दोन होत्या. कुदळीला ते ठाऊक नव्हते.

आता विश्वस्तांना एक विनंती. खानदेशातून मागावर काम करण्यासाठी आलेल्या कित्येक कुटुंबांकडे जन्मतारखेचा भरवशाचा पुरावा म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने या शहराचा केवढा भाग बुडाला, हे आपण जाणता. ती रजिस्टरे संगणकावर चढवाल तेव्हा दोन प्रती तळमजल्यावरील एकाच कपाटात ठेवू नका, आणि दोन्ही यंत्रे एकाच वीजजोडणीवर चालवू नका. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, एक तार मुद्दाम काढायला लावा आणि एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा दाखला निघतो का, ते समोर उभे राहून पाहा. दुसऱ्या दिवशी दुसरी तार काढा.