अमीन सयानी : सोप्या बोलीचा मोठा माणूस



दि. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी मुंबईत वारले. ते ९१ वर्षांचे होते. आजच्या विद्यार्थ्यांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल; परंतु आमच्या पिढीचे कान बुधवारी रात्री आठ वाजता या आवाजाकडे लागलेले असत. तेव्हा आपल्या जंगलभागातील कितीतरी गावांत वीज नव्हती. सेलवर चालणारा एक ट्रान्झिस्टर आणि त्याभोवती सारा मोहल्ला, असे ते ऐकणे असे.

१९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी सरकारी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. पण लोकांची आवड हुकमाने बदलत नसते. कोलंबोच्या रेडिओ सिलोनने तीच गाणी लावली आणि शॉर्टवेव्हवरून ती समुद्र ओलांडून भारतभर पोचली. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. सयानींना आठवड्याला २५ रुपये मिळत. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. पुढे आठवड्याची पत्रे ६५,००० पर्यंत गेली. १९५४ पासून लोकप्रियतेनुसार गाण्यांचा क्रम लागू लागला. 'पायदान' हा शब्द घराघरांत झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाही 'विविध भारती' सुरू करावी लागली. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या साध्या माणसाच्या मताला किंमत असते, हे यातून दिसून आले.

मित्रांनो, हा माणूस घडला कसा, ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचे काम करीत. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक चालविले. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. भाषा मात्र सर्वांना कळेल अशी साधी हिंदुस्थानी. अमीन लहानपणापासून त्या कामात आईला मदत करीत. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या माणसाला कळेल असे बोलावे, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

तरीही रेडिओच्या हिंदी निवेदनाच्या चाचणीत ते प्रथम नापास झाले. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी हाय खाल्ली नाही. ऐकत, सराव करत त्यांनी आवाज घडविला. 'बहनो और भाइयो' अशी साद ते घालीत. त्यात बहिणींचा मान पहिला असे. १९८९ साली गीतमाला विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सांगण्याचे कारण असे. आपली मुले घरी झाडीबोली बोलतात, कुणी गोंडी बोलते, कुणी माडिया. नागपूर-पुण्याला मुलाखतीला गेली की हेल ओळखू येईल या भीतीने ती तोंडच उघडत नाहीत. गुण असून मागे राहतात. हे नुकसान त्यांचे एकट्याचे नाही, समाजाचे आहे. प्रमाण मराठी शिका, इंग्रजी शिका, त्यासाठी कष्ट घ्या. परंतु आईच्या बोलीची लाज बाळगू नका. ज्या मुलाला नापास केले, त्याच मुलाला पुढे देशाने डोक्यावर घेतले.

माझी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे. रोज दहा मिनिटे घरातील वडीलधाऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना एखादा शब्द कळला नाही, तर तो सोपा करून सांगा. त्यांना बातमी कळेल आणि तुमची जीभ मोकळी होईल. त्या थोर निवेदकाला आपली हीच आदरांजली ठरेल.