रुग्णवाहिकेतील नोकरी : फी भरण्यापूर्वी काय पाहावे?



मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की आपल्या घरात डॉक्टर, इंजिनिअर आणि शिक्षक या तीनच वाटांची चर्चा होते. आज मी चौथ्या वाटेविषयी बोलणार आहे. अपघाताच्या जागेपासून इस्पितळाच्या दारापर्यंत रुग्णाचा जीव सांभाळणाऱ्या प्रशिक्षित माणसास इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणतात.

या माणसाची गरज उपनगरवासीयांना सांगावी लागत नाही. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी जखमींना चादरींत घालून उचलले. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरात जाहिरातफलक कोसळला, तेव्हाही जखमींची रीघ राजावाडी रुग्णालयाकडे लागली. मदतीला धावणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. शिकलेले हात कमी आहेत. मानेला मार लागलेल्या माणसाला कसेही उचलले तर त्याचे हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. वाहते रक्त थांबवणे, मोडलेल्या हाडाला आधार बांधणे, प्राणवायू देणे, बंद पडलेल्या हृदयासाठी मिनिटाला 100 ते 120 या गतीने छाती दाबणे, ही सारी कामे शिकूनच येतात.

आता पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट. दोनचार दिवसांच्या वर्गानंतर प्रथमोपचाराचे किंवा 'बेसिक लाइफ सपोर्ट'चे कार्ड मिळते. ते उपयोगी आहे. मात्र त्याची मुदत साधारण दोन वर्षांची असते आणि पुढे पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तेवढ्यावर कोणी टेक्निशियन होत नाही. 2021 साली संसदेने सहायक आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय आहे, आणि सहायक आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान 2000 तासांची असावी असे त्यात म्हटले आहे. म्हणून रंगीत पत्रक पाहून फी भरू नका. संस्थेत जाऊन तीन प्रश्न विचारा. हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाने किंवा शासकीय मंडळाने मान्य केला आहे? अपघात विभागात आणि रुग्णवाहिकेत प्रत्यक्ष किती तास काम करावे लागेल? मागील वर्षीचे विद्यार्थी आज कोठे नोकरीला आहेत? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळले गेले, तर उठून घरी या.

नोकरीचेही खरे चित्र सांगतो. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 साली 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, ती गाडीत डॉक्टर ठेवण्याच्या पद्धतीने. त्या जागांवर आयुर्वेद व युनानी पदवीधरांना संधी मिळाली. वर्सोव्याच्या तिब्बिया महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. टेक्निशियनने मात्र प्रामुख्याने खासगी रुग्णवाहिका, इस्पितळांचे अपघात विभाग, कारखाने आणि मोठे समारंभ येथे काम शोधावे.

मुलाखतीत प्रमाणपत्र पाहतात आणि लगेच पुतळ्यावर छाती दाबून दाखवायला सांगतात. रक्तदाब मोजून घेतात. डॉक्टरांना रुग्णाची हकीकत चार वाक्यांत सांगता येते का, हेही पाहतात. असल्फ्याच्या टेकडीवरील वस्तीत गाडी दारापर्यंत जात नाही. स्ट्रेचर गल्लीतून, पायऱ्यांवरून उतरवावे लागते. तेव्हा अंगात ताकद हवी. मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषा बोलणारा उमेदवार येथे उजवा ठरतो, आणि हे भांडवल आपल्या मुलांजवळ घरचेच आहे.

मुलींच्या पालकांना रात्रपाळीची काळजी वाटते. ती रास्त आहे. ने-आणीची सोय आणि पाळीचे तास मालकाकडून लेखी घ्या, पण दार बंद करू नका. बाळंतपणाच्या कळा सोसणाऱ्या बाईला गाडीत दुसरी बाई दिसली, तर तिला किती धीर येतो, हे माताभगिनींना मी काय सांगावे?

पगार आरंभी बेताचा असतो, काम अंग मोडणारे असते. हे समजून, कागद तपासून, ज्याने पाऊल टाकले त्याला पश्चात्ताप होण्याची भीती कमी. फी भरण्याआधी आपल्या शिक्षकांना कागद दाखवा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.