तिथीची पाऊणकी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील एका सभेत केलेले भाषण)



‘माझे गाव’ या विषयावर मी बोलावे अशी कार्यकारी मंडळाने आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. ज्याची तीस वर्षे फायलींवर टिपणी लिहिण्यात गेली, त्याच्या भाषेत ओलावा कोठून यावा? शिवाय आमच्या गावाविषयी बोलण्याचा खरा अधिकार माझ्या थोरल्या भावाचा. गाव त्याचे होते. मी सुट्टीत येणारा पाहुणा. परंतु दादा आता नाही. म्हणून त्याच्या वतीने हे चार शब्द.

आमचे गाव गुहागर. चिपळूणपासून सुमारे ४५ किलोमीटर. व्याडेश्वर आणि दुर्गादेवी यांचे ठिकाण म्हणून आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊक असेल. एक लांबच लांब रस्ता, दुतर्फा घरे, पश्चिमेकडील घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यापुढे सुरूची झाडे, आणि वाडीचे बेडे ओलांडले की एकदम समुद्र! समुद्राची गाज ऐकतच आम्ही झोपत असू. पुढे परगावी बदली झाल्यावर कित्येक रात्री मला झोप लागेना, ती कशामुळे हे फार उशिरा उमगले.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अभ्यासात तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी आज या व्यासपीठावरून कबूल करतो. पण वडिलांनी अंथरूण धरले आणि वाडीचे शिंपणे त्याच्याकडे आले. तो शाळेपुढे शिकला नाही. माझ्या बी. ए.ची फी भरली गेली ती त्याने सोललेल्या सुपारीच्या पैशातून. याचा उच्चार त्याने जन्मभरात एकदाही केला नाही.

संध्याकाळी शिंपणे आटोपले की तो मला किनाऱ्यावर नेई. तेथेच त्याने मला पाऊणकी शिकवली. शाळेत पाठ करून घेत ती निराळी, आणि दादाची निराळी. “आज तिथी कोणती? चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती पुरी होणार. अष्टमीला आठ पाऊण सहा. द्वादशीला बारा पाऊण नऊ.” चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याबरोबर भरतीही तितकीच मागे सरकते, एवढेच त्यामागचे शास्त्र. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांतला फरक त्याने मला वाळूवर काठीने रेघा मारून दाखवला होता.

पुढे मी केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांचा फेरा सुरू झाला. सुरुवातीला एस. टी.च्या रात्रभराच्या प्रवासाची सबब होती. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, तशी तीही सबब उरली नाही. मग मुलांच्या परीक्षा आल्या. मार्चअखेर तर दरवर्षी येतेच.

काही वर्षांपूर्वी येथे ओडिशात बदली झाली आणि आम्ही सहकुटुंब पुरीला गेलो. मुलांपुढे थोडी फुशारकी मारावी म्हणून मी तिथी विचारून पाऊणकी मांडली. साफ चुकली! रात्री दादाला दूरध्वनी केला, तर तो मनापासून हसला. म्हणाला, “अरे, प्रत्येक बंदराची वेळ निराळी. आपले गणित आपल्या किनाऱ्यापुरते. तुमच्याकडे तर सूर्यही समुद्रातून वर येतो!”

आता एक गोष्ट सांगतो. २०२१ साली येथील गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका ऑलिव्ह रिडले कासवीला क्रमांकाची पट्टी लावली होती. तीच कासवी २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर तिने कापले असावे, असा अंदाज आहे. दादाला ही बातमी कळताच त्याचा दूरध्वनी आला. “अरे, तुमच्या ओडिशाची कासवी आमच्या दारात येऊन गेली. तिला कुणी रजा मंजूर केली? तुझा मार्च संपला ना आता?”

मी म्हणालो, “दादा, कार्यालयाची तपासणी आहे. गणपतीला नक्की येतो.”

“बरे तर. गणपतीला,” तो म्हणाला.

आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी तो झोपेतच गेला. भुवनेश्वरहून विमानाने मुंबई आणि तेथून भर पावसात चिपळूणमार्गे मी घरी पोचलो, तेव्हा सारे आटोपले होते. वहिनी एवढेच म्हणाल्या, “भावोजी, तुमच्यासाठी गणपतीत आंबोळ्या करायच्या, म्हणून मला तांदूळ वेगळे काढून ठेवायला सांगितले होते त्यांनी.”

आपल्या संतांनी म्हटले आहे की कासवी पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते. वास्तवात ती अंडी वाळूत पुरते आणि मागे न पाहता समुद्रात निघून जाते. संतांचा तो दृष्टान्त मला दादापाशी खरा झालेला दिसतो. दुरून नजर ठेवून पोसले ते त्याने. मागे न पाहता निघून गेलो तो मी.

तेरावा झाल्यावर एका संध्याकाळी मी बेडे ओलांडून किनाऱ्यावर गेलो. बरोबर दादाची सात वर्षांची नात होती. समुद्र पावसाळ्यातला, गढूळ. मी सहज विचारले, “भरती कधी पुरी होईल ग?” ती म्हणाली, “आज अष्टमी. आठ पाऊण सहा.” पाऊणकीतले दुसरे काही तिला येत नव्हते. एवढे मात्र आजोबांनी शिकवून ठेवले होते. आम्ही दोघे सहा वाजेपर्यंत तेथे उभे राहिलो. गणित बरोबर आले.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे या मंडळाने परमुलखात आपल्याला गणेशोत्सव दिला, नाटके दिली, मुलांच्या कानांवर मराठी ठेवली. हे ऋण मोठे आहे. परंतु आपण ज्या गावाची आठवण येथे काढतो, ते गाव तिकडे कुणीतरी राहिले म्हणून राहिले आहे. कुणी वाडी शिंपली, कुणी देवापुढे दिवा लावला, कुणी म्हाताऱ्या आईवडिलांना औषध दिले. त्यांच्यापैकी जे अजून आहेत, त्यांना ‘गणपतीला येतो’ असे सांगितले असेल, तर जावे. फायली थांबतात. मी तीस वर्षे पाहतो आहे, त्या थांबल्याने काहीही बिघडत नाही.

येत्या गणपतीच्या रजेचा अर्ज मी दिला आहे. वहिनींनाही तसे कळवले आहे.