कोरा रकाना

क्रिकेटवेड्या देशात बेसबॉलविषयी बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण मात्रा मोजत कविता लिहिणाऱ्या माणसाला आकड्यांची ओढ असते, आणि बेसबॉल हा आकड्यांवर जीव लावणारा खेळ आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून सामन्यामागून सामना, फलंदाजामागून फलंदाज नोंदला गेला. माझा भाचा तिकडे नोकरीला असतो. फोनवर खुशालीच्या आधी तो हे आकडेच ऐकवतो. त्यामुळे मलाही त्यांची गोडी लागली.

आज या नोंदवहीतले तीनच रकाने पाहू. फलंदाजाने चेंडू थेट कुंपणाबाहेर टोलावला की तो चारही बेसना फेरी मारून परत येतो. तो होम रन. आपल्या षटकाराचा थोरला भाऊ म्हणा. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, तो स्ट्राइकआउट. आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले, फलंदाजही मोहात पडला नाही, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. तो वॉक.

होम रन म्हटलं की पहिलं नाव बेब रूथचं. १९२० साली त्याने ५४ होम रन मारले. त्या मोसमात अमेरिकन लीगमधल्या इतर कुठल्याही अख्ख्या संघाला मिळूनसुद्धा तेवढे जमले नाहीत! १९२७ साली ६० मारले, तेव्हाही तीच गत. कारकिर्दीत एकूण ७१४. आता शेजारचा रकाना बघा. याच रूथचे स्ट्राइकआउट १,३३०. रेजी जॅक्सनचे होम रन ५६३ आणि स्ट्राइकआउट २,५९७. हुकण्याचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. जो सगळी ताकद लावून बॅट फिरवतो, त्याची बॅट पुष्कळदा हवेतच फिरते. लोक षटकार लक्षात ठेवतात, वही दोन्ही लक्षात ठेवते.

याला अपवाद जो डिमॅजिओ. कारकिर्दीत होम रन ३६१ आणि स्ट्राइकआउट ३६९. फरक फक्त आठांचा! १९४१च्या मोसमात तर ३० होम रन आणि स्ट्राइकआउट अवघे १३. अॅडम डन या फलंदाजाची तऱ्हा आणखी निराळी. २००५ ते २००८ अशी सलग चार वर्षं त्याने दर मोसमात बरोबर ४० होम रन मारले. एक कमी नाही, एक जास्त नाही. जणू ठरलेला पगार. आणि हँक एरनने ७५५ मारले, पण एका मोसमात पन्नाशी कधीच गाठली नाही. त्याचा सर्वोच्च आकडा ४७. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं.

मी हे दोन रकाने वाचून खूश होतो. भाचा म्हणाला, "मामू, तिसरा वाचा. खरी गंमत तिथं आहे."

वॉक हा रकाना फलंदाजापेक्षा समोरच्या पिचरबद्दल जास्त सांगतो. धोकादायक फलंदाज आला की कधीकधी त्याला मुद्दाम वॉक देतात. मारू देण्यापेक्षा फुकट जाऊ दे, हा हिशेब. २००४ साली बॅरी बॉन्ड्सला २३२ वॉक मिळाले. त्यातले १२० मुद्दाम दिलेले. त्या मोसमात त्याचे यशस्वी फटके होते १३५. बॉन्ड्सच्या कारकिर्दीवर उत्तेजकांच्या आरोपांची सावली आहे, पण त्याची धास्ती त्याआधीपासूनची. मे १९९८मध्ये अॅरिझोनाचा संघ शेवटच्या डावात ८-६ असा पुढे होता. तिन्ही बेस भरलेले आणि समोर बॉन्ड्स. वॉक दिला तर एक धाव फुकट जाणार. तरी त्यांनी तो दिला! पुढचा फलंदाज बाद झाला आणि अॅरिझोनाने सामना ८-७ असा जिंकला.

उलट, १९६१ साली रॉजर मॅरिसने रूथचा विक्रम मोडत ६१ होम रन मारले, पण अख्ख्या मोसमात त्याला एकही मुद्दाम वॉक मिळाला नाही. कारण त्याच्यामागून यायचा मिकी मँटल, त्या वर्षी ५४ होम रन मारणारा! मॅरिसचा रकाना नीट वाचायचा तर मँटलचं नाव ठाऊक हवं. एकट्या माणसाचा आकडा एकट्याचा नसतो.

हे सारं वाचताना मला एका माणसाचा रकाना सापडेना. जॉश गिब्सन. कृष्णवर्णीय. त्याच्या काळात मोठ्या लीगमध्ये फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. म्हणून कृष्णवर्णीयांनी आपल्या वेगळ्या लीग उभारल्या. लोक गिब्सनला काळा बेब रूथ म्हणत, आणि त्याला पाहिलेले काहीजण रूथला गोरा गिब्सन म्हणत. जानेवारी १९४७मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. तीन महिने उलटण्याच्या आत, १५ एप्रिल १९४७ला, जॅकी रॉबिन्सनने मोठ्या लीगचं दार उघडलं.

१९७२ साली गिब्सनला बेसबॉलच्या मानकऱ्यांत स्थान मिळालं. तिथल्या फलकावर त्याचे होम रन लिहिले आहेत 'जवळजवळ ८००'. पण अधिकृत यादीत मोजले गेलेत दोनशेहून कमी. त्याचं बरंचसं खेळणं गावोगावच्या सामन्यांत गेलं. काही सामन्यांची नोंद झाली नाही, काहींची टिकली नाही, आणि पुष्कळ सामने अधिकृत धरलेच जात नाहीत. मे २०२४मध्ये त्या लीगचे आकडे अखेर मोठ्या लीगच्या वहीत घेतले गेले. दर हजार प्रयत्नांमागे ३७२ यशस्वी फटके, अशा सरासरीने गिब्सन टाय कॉबला मागे टाकून यादीत पहिला आला. त्याच्या मृत्यूनंतर ७७ वर्षांनी.

आणि मग रूथचे ७१४ही मला वेगळे दिसू लागले. ते मारताना अधिकृत सामन्यात एकाही कृष्णवर्णीय पिचरला त्याच्यासमोर उभं राहू दिलेलं नव्हतं. यात रूथचा दोष नाही. पण तो आकडाही अर्ध्या मैदानावरचा आहे.

गिब्सनचे होम रन नेमके किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तो रकाना थोडा कोराच राहील. राहू दे. फक्त कुणी त्या कोऱ्या जागी शून्य वाचू नये, एवढंच मला म्हणायचं होतं.