ग्रामसभेत बोलायला उठताना

ग्रामसभेत पाण्याबद्दल बोलायचं ठरवलेलं असतं, पण नाव पुकारलं की घशाला कोरड पडते, पाय लटपटतात. हा भित्रेपणा नव्हे. अंगात ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, श्वास वरवर चालतो, आवाज चिरकतो. म्हणून उठण्याआधी दोन-तीनदा श्वास सावकाश, लांबवर सोडा. सोडा म्हणतोय बरं का. श्वास सोडतानाच नाडीचा वेग किंचित उतरतो.

अख्खं भाषण पाठ करू नका. एक ओळ अडली की पुढचं सगळं अडतं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत माझी गाडी ‘अध्यक्ष महोदय’च्या पुढे सरकलीच नव्हती! पहिलं वाक्य तेवढं पक्कं ठेवा: ‘आमच्या आळीत आठ दिवसांत दोनदाच पाणी आलं.’ बाकीचे मुद्दे चिठ्ठीवर, ठळक अक्षरांत. घरी उभं राहून, मोठ्यानं बोलून पाहा. मनातल्या मनात म्हटलेलं धरू नका. माइक तोंडापासून वीतभर लांब. त्यावर फुंकर नको, टिचकी तर नकोच.

आणि ताई-माईंनो, महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा भरते. तोच मुद्दा आधी तिथे मांडा. समोर सगळ्या ओळखीच्याच असतात, आणि एखादी शेजारीण मधेच म्हणते, ‘अगं, टाकीचंही सांग की!’